भट्टी तापू दे

सकाळी बटण दाबायचं आणि आंघोळीला जायचं,
हा आमच्या घरातला नियम.
परत यावं तर पडद्यावरचं वर्तुळ
अजून स्वतःभोवतीच फिरतंय,
खुंट्याला बांधलेल्या रेडकासारखं.
मग चहा. मग केस विंचरणं.
मग कुठं एक एक चित्र उगवायचं, तेही जांभई देत.

सासरे म्हणायचे, भट्टी तापू दे.
उद्यमनगरात चाळीस वर्षं लाकडाचे पॅटर्न केलेला माणूस.
थंड रस वतला की कास्टिंग कच्चं राहतंय, पोरी.

पण मी अकरा लेथवाल्यांचे हिशेब बघते.
वीस तारखेच्या रात्री, अकरा चाळीसला,
कोराणेंचं रिटर्न अर्ध्यात असताना
रेडकू बसलं ते बसलंच.
दंड किरकोळ होता.
कोराणे फोनवर जे बोलले ते किरकोळ नव्हतं.

मुबीन शिकलगारला बोलावलं.
त्याचे आजोबा पापाच्या तिकटीजवळ कात्र्यांना धार लावायचे,
हा कॉम्प्युटरला लावतो,
असं तोच सांगतो, प्रत्येक घरात एकदा.
त्यानं कुठलीशी यादी उघडली.
"बघा वहिनी, बटण दाबलं की एवढी माणसं एकदम उठत्यात
आणि मोरी एकच."

खरंच की.
भंगारात घातलेल्या प्रिंटरचा माणूस रोज उठून
प्रिंटर शोधत होता.
नणंदेच्या वेळचं पत्रिका जुळवायचं सॉफ्टवेअर
अजून गुण मोजत होतं;
तिला इचलकरंजीत दोन मुलं आहेत.
व्हायरस पकडणारे तिघं,
तिघांची नजर एकमेकांवर,
जशी फायनलला दोन पेठांची असते.
"हे पाहिजे?" नको.
"हे?" नको.
"हे?" मी नको म्हणायच्या आत
मागून आवाज आला,
"ते पत्ते राहू देत."

मग त्यानं डबा उघडला.
पंख्याच्या पात्यांवर काळं, मऊ, बोटभर जाड.
"कधी झाडला नव्हता का?"
मी खाली बघितलं.
सासऱ्यांनी चिमूट उचलली, अंगठ्यावर चोळली,
उजेडाला धरली.
"धूळ न्हवं ही. मोल्डिंगची वाळू."
नऊ वर्षं झाली त्यांना काम सोडून.
ती मात्र वाऱ्यावर बसून
घर विचारत विचारत आली होती.

आत गेले, ब्रश घेऊन आले,
पॅटर्न झाडायचा, मऊ केसांचा,
मुठीवर घामानं काळा पडलेला.
मुबीन ब्लोअर हातात धरून उभाच.
पातं न् पातं, खाच न् खाच,
वीस मिनिटं कुणी बोललं नाही.

जुनी डिस्क जड निघाली.
नवी तंबाखूच्या डबीएवढी, आणि वजनाला तीही नाही.
"ह्यात काय राहणार?"
"जुन्यापेक्षा चौपट राहतंय, आजोबा."
सासऱ्यांनी जुनी तळहातावर तोलली,
अल्युमिनियम, म्हणाले, ओतकाम बरं केलंय,
आणि लेंग्याच्या खिशात घातली.
खिसा दिवसभर एका बाजूला ओढत होता.

बत्तीसशे घेतले.
पक्की पावती मागितली तर मुबीन हसला.
मीही, एवढे हिशेब बघणारी, फार ताणलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बटण दाबलं,
टॉवेल घेतला, वळले,
मधल्या दारापर्यंतही पोचले नव्हते
तर मागं टण्णकन् वाजलं.
सगळी चित्रं जागच्या जागी,
अंघोळ करून, भांग पाडून बसल्यासारखी.

सासरे खुर्चीतून पुढं वाकले.
पडद्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.
"बंद कर. परत लाव."
लावलं. ते बोटांवर मोजत होते.
दोन्ही हात संपले, वर एक.

"एवढ्यात तापत नसतंय काही," म्हणाले,
"कुठंतरी कच्चं राहिलं असणार,"
आणि खुर्ची जवळ ओढून
पत्ते उघडले.