बंबाचं सरपण

तांबट आळीतून डाग लावून आणलेला बंब
मोरीच्या दाराशी उभा केला, त्याच संध्याकाळी
रखमाजी टिळेकर जिना चढून आले.
भवानी पेठेत करवतीवर एकतीस वर्षं काढलेला माणूस,
उजव्या हाताला साडेतीन बोटं.
म्हणाले, जाळायचं तर आधी ओळखायला शिक.

हे घे, हातात धर. जड लागतं?
बाभूळ. हिचा निखारा दुपारपर्यंत डोळा मिटत नाही.
हे हलकं, भडकन पेटतं आणि
पाणी कोमट व्हायच्या आत विझतं,
गुलमोहर. मिरवायला राजा, जळायला कागद.
सुबाभूळ चालेल.
शेवगा आणूच नकोस, ओलं फडकं आहे ते,
शेंगा खा आणि सोड.
वड, पिंपळ, उंबर मी चुलीत घालत नाही.
का ते विचारू नकोस, मीही कुणाला विचारलं नाही.

मी वहीत लिहून घेत होते.
म्हणाले, वहीपण बरी पेटते.

मग दोन ओंडके एकमेकांवर आपटून दाखवले.
टण् वाजलं तर वाळलं.
भद् वाजलं तर ठेवून दे, पुढच्या थंडीचं आहे.

तेव्हापासून मी पुण्यात वर बघत चालते.
तळजईवर रविवारी पडलेल्या काटक्या,
बहुतेक उंदीरमारीच्या,
त्याही वॉचमनची पाठ बघून.
भोसरीहून भाच्याने आणलेल्या खोक्यांच्या फळ्या,
खिळे उपटायलाच अर्धा तास.
प्लायवूड एकदाच घातलं.
निळा धूर, दिवसभर डोकं धरलं.
रखमाजी म्हणाले, ते लाकूड नव्हे,
डिंकाने चिकटवलेली थाप आहे.

मे महिन्यात महापालिकेची माणसं फांद्या छाटत होती,
त्यांतल्या दिलावरने एक पोतं भरून दिलं.
त्यात हा तुकडा.
गाभा तांबूस, कड दुधाळ,
वास थोडा चिंचेचा, थोडा ओल्या पाटीचा.
झाड कुठलं? दिलावरला आठवेना,
त्या दिवशी त्यांनी चार रस्ते उरकले होते.
रखमाजींनी नखाने खरवडला, हुंगला,
जिभेला लावला,
आणि पहिल्यांदाच गप्प बसले.
इस्त्रीवाला मुरुगेश म्हणाला, काशीद.
ओसवालांच्या मुलीने फोनवर फोटो काढला.
फोनने तीन नावं सांगितली,
तिसरं एका बुरशीचं होतं.

आठ महिने तो खिडकीत राहिला.
येणारे-जाणारे त्यावर किल्ल्या ठेवायचे.

जानेवारीत पारा आठावर आला, तो नेमका सोमवार,
पटेलांची वखार बंद.
माझ्याकडे उरलं होतं एक वर्तमानपत्र, चार करवंट्या
आणि तो.

सावकाश पेटला. धूर नाही, तडतड नाही,
शेवटी एक बारीक निळी ज्योत,
बराच वेळ.
दोन बादल्या कढत पाणी निघालं,
तिसरी शेजारी दिली.

रखमाजी आता सासवडला, मुलाकडे. फोन केला.
राख कशी पडली? त्यांनी विचारलं.
पांढरी, मऊ. चिमटीत धरता येईना.
तिकडून बराच वेळ नुसती खरखर.
मग म्हणाले, चांगलं झाड होतं.

नाव ना त्यांनी विचारलं, ना मी.
त्याच राखेने बंब घासला.
चिंच जरा जास्त लागली.