सात तारखेच्या अलीकडे

खैरानी रोडला सतरा नंबरच्या गाळ्यात
आम्ही खोकी बनवतो.
औषधाच्या बाटल्यांची. तीन पदरी, पाच पदरी,
आतून पोकळ.
यात मला काही सुचवायचं नाहीये,
खोकं पोकळच असतं.

कागदाचं रीळ वापीहून येतं.
गालाशेठ पंधरा दिवस थांबतात,
सोळाव्या दिवशी फोन करून
आधी माझ्या मुलीच्या परीक्षेचं विचारतात.
रीळ आठवडाभर भिंतीला टेकून उभं,
चार दिवस मशीनवर,
दोन दिवस खोकी होऊन टेम्पोची वाट बघत.
मग माल अंधेरीला पोचतो
आणि तिथून पुढे नव्वद दिवस
माझे पैसे एसीत बसून असतात.
मी त्यांना भेटायला जाते कधीकधी.
खाली वॉचमन वहीत माझं नाव लिहून घेतो,
येण्याची वेळ, जाण्याची वेळ.

सीएनं ताळेबंद पाठवला.
निव्वळ नफा अकरा लाख चाळीस हजार.
अभिनंदन, पाठारे मॅडम.
बँकेत एकोणीस हजार सहाशे बारा.
दोन्ही आकडे खरे.
एकाच घरात राहतात,
एकमेकांशी बोलत नाहीत.

न आलेल्या पैशांवरचा जीएसटी
वीस तारखेला, आलेल्या पैशांतून.
बँकेचा साहेब स्टॉक बघायला आला,
रिळांवर टिचक्या मारून गेला, कलिंगड घेतल्यासारखा.
म्हणाला, नव्वद दिवसांपुढची बिलं आम्ही धरत नाही.
म्हणजे एक्क्याण्णवाव्या दिवशी
माझे पैसे नुसतीच हकिगत होतात.

आणि मंगळवारी फोन.
परचेसच्या फर्नांडिस मॅडम.
ऑर्डर दुप्पट!
फक्त तेवढे एकशेवीस दिवस करून घ्या ना.

पेढे आणावेत अशी बातमी.
रात्री शटर अर्धं ओढून
पाठकोऱ्या चलनावर हिशेब मांडला.
दुप्पट रिळं, दुप्पट डिंक, दुप्पट टेम्पो,
सगळं आज. पैसे पावसाळा संपल्यावर.
जितकी खोकी जास्त जातील
तितकी मी खोल जाईन.

मग दुसऱ्या बाजूला लिहायला घेतलं,
मला कोण कोण उधार देतं.
गाला, पंधरा दिवस.
वीज कंपनी, वीस.
पेन तिथेच थांबलं असतं,
पण समोर हजेरीबुक उघडं होतं.

इस्राईल, शिलाई मशीन.
भोईर, डाय.
सुमन गवळी, डिंक.
एक तारखेला केलेलं काम,
पैसे पुढच्या महिन्याच्या सातला.
सदतीस दिवस.
व्याज नाही, तारण नाही,
कुणी येऊन माझ्या रिळांवर टिचकी मारलेली नाही.
बँकेनं पंचवीस लाखांसाठी घराचे कागद ठेवून घेतले.
सुमननं काय मागितलं होतं,
तर हातमोजे.
तेही मी पुढच्या महिन्यावर ढकलले होते,
म्हटलं होतं, जरा पैसे सुटू देत.

सकाळी फर्नांडिसबाईंना फोन लावला.
कायद्यात पंचेचाळीस दिवस आहेत हे आम्हा दोघींना माहीत,
आणि कायदा बोलून दाखवला
की पुढची ऑर्डर दुसऱ्या गाळ्यात जाते, हेही.
मी कायदा काढला नाही.
एकशेवीस जमणार नाही म्हटलं,
निम्माच माल द्या, पण साठ दिवसांवर.
आवाज कापला थोडा, मशीनच्या घरघरीत खपून गेला.
वर विचारते, म्हणाल्या.
अजून विचारतायत.

आज पाच तारीख.
गालाशेठ म्हणाले, चेक सोमवारी टाकतो,
पोरीला गणितात किती पडले?

दुपारी कोपऱ्यावरून हातमोजे आणले,
एकशे दहा रुपये, मोबाइलवरून.
सुमननं घालून बघितले, बोटं हलवली,
डाव्याचं शिवण जरा टोचतंय म्हणाली.

एकोणीस हजार पाचशे दोन.