पाचशे नऊ

सकाळी सात वीसची संत्रा गाडी.
डब्यांना नारिंगी रंग, खिडक्यांना कागदी पानं,
आणि इंजिन डिझेलच, पण डोक्यावर पत्र्याचं धुराडं घालून
वाफेचं सोंग घेतलेलं.
शिट्टी टेपवरची. धूर लग्नातल्या मशीनचा.
मी खाली वाकून बघते, कपलिंगच्या मागं,
जिथं रंगाऱ्याचा ब्रश पोचत नाही :
पाच, शून्य, नऊ.
वहीत लिहिते. तारीख. चार मिनिटं उशीर.
शेजारची बाई विचारते, "तुमी रेल्वेत हाव का, मॅडम?"
"नाही. ट्रेझरीत."
ती जरा सरकून बसते.

अडीच फुटी रूळ.
वळणावर पळसाची फांदी डब्यात येते
आणि कुणाला न भेटताच परत जाते.
लोक फोनवर संत्री सोलतानाचे फोटो काढतात.
मी घड्याळ लावून सांधे मोजते :
ताशी एकोणीस किलोमीटर.
बैलगाडीवाला हात करतो, मागं पडत नाही.

दुपारी हुरडा गाडी.
इथं पिकतो धान.
ज्वारीची कणसं टेम्पोनं येतात वर्ध्याकडून, गोवऱ्यांसकट,
आणि माइकवरचा पोरगा सांगतो, अस्सल आमच्या मातीची चव.
वेणूबाई कोवे आगटीपाशी बोटं भाजून घेत
हळूच म्हणते,
"आमी तं मांगच्या साली पयल्यांदा खाल्ला, बाई.
गोड रायते."
तिनं दिलेला मूठभर हुरडा
मी वहीवरच ठेवून खाल्ला.
त्या पानावर अजून राखेचा अंगठा आहे.

तिसरी, नाटकाची गाडी. उन्हं उतरताना.
डब्यात पेटी, तबला, जरीचा पडदा,
आणि राजा मिशी खिशात ठेवून
तर्री-पोहे खातो आहे,
प्रधानाशी मानधनावरून वाद घालत.

मग मोहटोला फाटक.
"बघा, जुन्या काळचा फाटकवाला!"
खाकी कोट, दुकानातून आणलेला पितळी बिल्ला.
पैकूजी नन्नावरे.
एकतीस वर्षं याच फाटकावर होते,
आता फेरीमागं साडेतीनशे घेऊन
पैकूजी नन्नावरे होतात.
रस्ता कधीच बायपासला गेला,
फाटक लावलं काय, उघडलं काय.
"काका, झेंडा वर! अजून वर! इकडं बघा!"
म्हातारा बघत नाही.
हिरवा झेंडा काखेत, लाल हातात,
आणि मान वळणाकडं.
"थांबा जी."

तीन मिनिटं.
वळणापलीकडून, रुळांच्या मधोमध,
सरपणाची मोळी डोक्यावर घेऊन एक बाई येते,
स्लीपरवर स्लीपर पाय टाकत, गाडीकडं न बघता,
आणि उतरून पायवाटेला लागते.
मग हिरवा.

डब्यातून टाळ्या. राजाही वाजवतो.
मी लिहिते : मोहटोला, पाच बावन्न, थांबा तीन मिनिटं.
कारण : मोळी.

खिडकीपाशी येऊन पैकूजी वहीत डोकावतात.
"पाचशे नऊ हाय ना हे?"
"नंबर तर रंगात गेलाय. कसं ओळखलं?"
"ब्रेक लावला का खोकलते, बाप्पा.
तवाबी खोकले."
आणि बिल्ला काढून खिशात टाकत
फाटक उघडायला जातात,
समोर कुणीच नसताना.