तिथी

अतिथी म्हणजे
ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नसते,
असं पेंढरकरबाईंनी शिकवलं होतं, सातवीत.
डुलूथमध्ये अकरा वर्षं मी तशीच गेले लोकांकडे.
गळ्यात ओळखपत्र, काखेत फाइल,
कोपऱ्यावर पोलिसांची गाडी, इंजिन चालू.
कुणीही मला देव मानलं नाही.

फ्रिज उघडायचे. दूध हुंगायचे.
पोराचा शर्ट वर करून पाठ बघायचे,
बाहेरच्या थंडीने गारठलेल्या हातांनी.
शेवटी चौकोन दोनच: सिद्ध, असिद्ध.
एकात फुली मारायची आणि निघायचं.

आता काही घरांसाठी वेगळी वाट आहे.
आधी फोन करायचा.
"तुम्हाला कधी जमेल?"
पलीकडे ऑड्रा किव्हेला गप्प.
"हे तुम्ही मला विचारताय?"
मग, "गुरुवारी. चारनंतर. तोवर माझी झोप झालेली असते."

एमेट, वय सहा,
चार दिवस ओल्या मोज्यांनी वर्गात बसला होता.
रात्री घरी मोठं कुणी नसतं,
हेही त्यानंच सांगितलं, सहज, पेन्सिलीला टोक करता करता.

ऑड्रानं रात्रपाळीचं वेळापत्रक
टेबलावर मांडून ठेवलेलं, हॉलतिकिटासारखं.
मी फाइल उघडली नाही.
विचारलं, रात्री इथे कोण झोपायला आलेलं चालेल तुम्हाला?
ती बराच वेळ मेणकापड नखानं खरवडत राहिली.
"खालची लोर्ना.
पण तिचे चाळीस डॉलर आहेत माझ्याकडे. मार्चपासून.
जिन्यात दिसली की मी वळते."

चाळीस डॉलर.
आमच्या कुठल्याच फॉर्मवर याला रकाना नव्हता.

खोटं कशाला बोलू,
सगळीच दारं अशी नसतात.
रेल्वेयार्डापलीकडे एका घरी अशीच फोन करून गेले होते.
घर लख्ख, बाप हसतमुख, कॉफी तयार.
पोरीच्या बाह्या मनगटापर्यंत. जुलैत.
त्याच रात्री परत गेले,
न सांगता.
अजून कधी कधी वाटतं, ते चार तास.

लोर्ना वर आली, ओल्या केसांना टॉवेल गुंडाळून.
पैशांचं कुणीच काढलं नाही.
"सोफा आखूड आहे," एवढंच म्हणाली.

निघताना एमेटनं विचारलं, आता कधी?
कॅलेंडर काढून दिलं भिंतीवरचं.
त्यानं जांभळ्या खडूनं
एका चौकोनात फुली मारली.
रविवार होता तो.
रविवारी आम्ही जात नाही.

गेले.