भोक नंबर तीन

कासारीच्या काठावर तीन दिवस मशीन घरघरतंय.
खोक्यात नळकांडी ओळीने मांडलेली:
गाळ, गोटे, मुरूम,
मग अकराव्या मीटरपासून काळा पत्थर,
हातभर लांब, एक चीर नाही.
हातोडी टेकवली तर घंटा.

इंगवले ठेकेदार खूश.
"लागला की कातळ. उचला मशीन.
टेंडरात तीनच मीटर म्हटलंय."

चौदा मीटर झाले तरी
दस्तगीर मुजावरनं मशीन बंद केलं नाही.
"म्याडम, पाणी बगा."
भोकातून परतणारं पाणी
सकाळपासून राखाडी होतं,
आता विटेच्या रंगाचं.

अजून दीड मीटर.
नळी उघडली तर निम्मी रिकामी,
निम्म्यात तांबडी माती,
दोन कातळांच्या मधे दबून बसलेली.

जिभेला लावून पाहिली. चिकटली.
"डोहाळं लागल्यात काय?" इंगवले हसले.

त्यांना मी सांगितलं नाही
की एक लाव्हा थिजल्यावर दुसरा यायला
इतका वेळ लागला
की मधल्या मधे दगडाची माती झाली,
कदाचित तिच्यावर काही उगवलंही,
आणि मग वरून पुन्हा आग आली.
पुस्तकात हिला रेड बोल म्हणतात.
कॉलेजात पहिल्यांदा ऐकला तेव्हा
मला तो मराठीच शब्द वाटला होता.
वहीत लिहिलेलं: तांबडा बोल.

एवढंच म्हणाले:
ही भिजली की फुगते, सुटली की वाहते.
पाया पाच मीटर खाली न्यावा लागेल.
"आणि पाच मीटरचं पैसं?
तुमचा दगड देणार?"

दस्तगीर नळी धूत होता.
त्याचे वडील विहिरी खणायचे, पन्हाळ्याच्या पायथ्याला.
तांबडी लागली की सगळ्यांना वर काढायचे,
रात्रभर कुणाला उतरू द्यायचे नाहीत.
सकाळी आधी कड बघायची, मग चहा.

रात्री रिपोर्ट लिहिला.
पातळी खाली न्यावी. आणखी दोन भोकं पाडावीत.
पाणी कुणी पाहिलं, याला रकाना नव्हता.

नळीतून जे हाती येत नाही
त्याच्या जागी खोक्यात लाकडी ठोकळा ठेवतात,
हरवलेल्या लांबीएवढाच, मोजून कापलेला.
त्यावर मी खडूनं लिहिलं:
चौदा पंच्याहत्तर ते साडेपंधरा.
आलं नाही.