मोजणी

कात्र्या दोन, चिमटे चार, सुया अठ्ठावीस.
पहाटे पावणेसहाला मोजायच्या, निघताना पुन्हा.
एक जरी कमी भरली तर दोनशे माणसं
कोठडीत उभी राहतात, आणि मी
कचऱ्याच्या पिशवीत कोपरापर्यंत हात घालून.

टेसा, आज तुझा पहिला दिवस म्हणून सांगते.
बाहेर उणे एकतीस आहे. सास्काचेवानच्या या माळावर
वाऱ्याला अडवायला फक्त आपली भिंत.

गोळ्यांची गाडी ढकलत जाशील तेव्हा
दाराच्या फटीतून आधी तोंड येईल, मग नाव.
जीभ वर कर. गाल दाखव. बरं, जा.
महिन्याभरात माणसं तुला दातांवरून ओळखू येतील.

काय केलंय, ते विचारू नकोस.
एकोणीस वर्षांत मी विचारलं नाही.
एकदा फाईल उघडली, एल्डन प्रिचर्डची,
तीही साखरेचा जुना आकडा हवा होता म्हणून.
पान चुकलं. दोन ओळी वाचून झाल्या.
त्या तुला सांगणार नाही.
त्यात एक वय होतं. माझी ओक्साना
त्या वर्षी तेवढीच होती.

दुसऱ्या दिवशी त्याचं रक्त काढायचं होतं.
जी शीर मी गप्पा मारता मारता पकडायची
ती सापडेना. एकदा टोचलं. दोनदा.
रबरी पट्टी जरा जास्तच आवळली गेली.
गेली नाही. मी आवळली.
हे कुठल्याच नोंदवहीत नाही.

त्याची बोटं निळी पडायला लागली.
तो छताकडे बघत होता, मग म्हणाला,
'सिस्टर, मनगटाजवळची घ्या.
ती अजून कामाची आहे.'

पट्टी सोडली. पुन्हा बांधली, नेहमीसारखी.
मनगटाजवळची खरंच कामाची होती.
नळी भरली. हातमोज्यातूनही
कळत होतं, कोमट आहे.

माफ वगैरे काही केलं नाही मी त्याला.
ते माझं खातं नाही, आणि माझ्याकडे
कुणी मागायलाही आलं नव्हतं.

मार्चमध्ये त्याच्या पायाचा अंगठा काळवंडला.
रोज पट्टी बदलायला सतरा मिनिटं लागायची,
दारात वॉल्टर घड्याळ बघत उभा.
वीस कधी लावली नाहीत, पंधरात कधी उरकलं नाही.
एकदा एल्डननं विचारलं, बाहेर बर्फ गेला का?
म्हटलं, पार्किंगमध्ये नुसता चिखल आहे, बूट रुततात.
'चिखल,' तो म्हणाला, आणि पुन्हा एकदा, हळू,
'चिखल.'
जिभेखाली लपवलेली गोळी चघळावी तसं.

अंगठा वाचला नाही. पुढचं नंतर कधीतरी.

वाजले बघ पावणेसहा.
कात्र्या दोन.
तू मोज, मी लिहिते.