तांबड्या शाईतली ओळ

रात्री नऊनंतर कन्नडची वही निघते.
प्रज्योत ती पुढ्यात ठेवतो, मी सही करते,
चंदगडकडच्या शाळेत गिरवलेली माझी मराठी सही,
त्या गोल गोल अक्षरांखाली.
नऊ वर्षं.
बोट ओळीवरून फिरवायचं, मान डोलवायची,
मध्येच कुठेतरी थांबायचंसुद्धा,
वाचता येत असल्यासारखं.

ह्या गुरुवारी खाली तांबडी ओळ होती.
"काय लिहिलंय रे टीचरनी?"
"इदु... अक्षर..." तो अडखळला,
मग पटकन, "अक्षर सुंदर आहे म्हणतात."
अक्षर मला कळलं. दोन्ही भाषांत तेच.
तेवढ्यावर मी खूश.
सही केली, फोटो काढला,
त्याच्या दुधात साखर जरा जास्तच पडली.

उद्यमबागेत मी फायनल इन्स्पेक्शनला आहे.
पंपाच्या बॉड्या टेबलावर येतात,
मी गेज घालते, बोट फिरवते (इथे खरंच वाचता येतं),
बारीक भोक दिसलं की खडूनं फुली.
जेवणाच्या सुट्टीत महादेवीला फोटो दाखवला, कौतुकानं.
तिनं हातातली भाकरी डब्यात ठेवली.
"अक्का, सुंदर बिंदर काही नाही हे.
इदु यार अक्षर?
हे कुणाचं अक्षर आहे, विचारलंय त्यांनी."

आणि खाली माझी सही.
उत्तर दिल्यासारखी.

दुपारभर एकही फुली नीट पडली नाही.
मजगावच्या रस्त्यानं चालत येताना
मी वाक्यं जुळवली. बापाला सांगते. मोबाईल बंद.
तुझ्यासाठी एवढं राबते आणि तू.
शेवटचं तर दोनदा म्हणून बघितलं,
एका म्हशीनं वळून पाहिलं.

तो दारातच बसला होता, सायकलची चेन लावत.
हात काळे.
आणि तोंडातून निघालं ते भलतंच,
"मला कन्नड वाचता येत नाही."
"म्हणजे?"
"म्हणजे येत नाही. कधीच आलं नाही."
"मग इतकी वर्षं..."
"नाटक करालो होतो की."
त्यानं चेन सोडून दिली.

मग उंबऱ्यावर बसूनच त्याला सांगितलं
मार्चएंडच्या त्या बॉडीचं.
बोटाच्या पेराएवढं भोक,
ट्रक दारात, सुपरवायझर डोक्यावर.
मी पुट्टी भरली, वर रंग मारला,
फुली काही मारली नाही.
महिन्यानं परत आली. कुणाच्या तरी विहिरीवर
पाणी चढलंच नव्हतं.
पुट्टी तेवढी शाबूत होती. रंगही.

बराच वेळ तो काही बोलला नाही.
मग म्हणाला, चिदानंदचं अक्षर आहे.
मी त्याला गणितं देतो, तो मला हे.
प आणि व मला अजून सारखेच दिसतात, आई,
नववीत कुणाला विचारू?
हसतील की.

मी हसले नाही. वही मागितली.
दिव्याखाली दोघांनी डोळे बारीक केले.
एकाचं तोंड जरा उघडं, एकाचं मिटलेलं.
मला आधी दिसलं, हे मी इथे मुद्दाम लिहून ठेवते.

सोमवारी त्यानं स्वतः लिहिलं.
पाचातल्या तीन प्रश्नांपुढे एकच शब्द, गोत्तिल्ला.
माहीत नाही.
त्यातही एक चूक होती म्हणे.
वीसपैकी चार. खाली पुन्हा तांबडी ओळ.
"वाच," मी म्हटलं, पेन हातात धरून.
त्यानं एकेक अक्षर लावत वाचलं,
"आता हे तुझं आहे. उद्या मधल्या सुट्टीत ये."
मी सही केली.

दुसऱ्या दिवशी महादेवीला विचारलं का?
विचारलं.
खोटं कशाला बोलू.